नाटकाचं संगीत लॅपटॉपवरून सोडताना या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की नवी मुलं ऑपरेटिंगला, म्हणजे प्रयोगात आवाज सोडायला, बसतात. हल्ली बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर लिनक्स शो प्लेअर हे नाटकातले आवाज ओळीने लावून सोडायचं सॉफ्टवेअर असतं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि कामाला चोख आहे. गोंधळ होतो तो वापरण्यात, आणि दर वर्षी तोच.

सगळ्यात घातक हौस म्हणजे क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी सोडायचे आवाज, एकमेकांना जोडून टाकणं. प्रत्येक क्यूला प्री-वेट (सुरू होण्याआधीची थांबण्याची वेळ), पोस्ट-वेट (पुढच्या क्यूआधीची वेळ) आणि नेक्स्ट अ‍ॅक्शन (पुढचा क्यू आपोआप सोडणं) देता येते. मग तालमीत स्टॉपवॉच लावून वेळा भरायच्या आणि एका स्पेसबारवर आख्खा प्रवेश सोडून द्यायचा! एका स्पर्धेत मी विंगेत उभा होतो. बाप-लेकीचा प्रवेश, बाहेर पाऊस. बाप म्हणतो, "आता कोणी येणार नाही," आणि बेल वाजते. सगळा प्रवेश त्या क्षणावर उभा होता. तालमीत वेळ अचूक बसायची. प्रयोगात आधीच्या वाक्याला हशा आला, त्यावर टाळी पडली. नट जाणकार, तो थांबला. बेल थांबली नाही, हशातच वाजून गेली. लेकीने सावरून घेतलं, पण बापाला ते वाक्य म्हणायलाच मिळालं नाही. महिनाभराची मेहनत ऑपरेटरच्या आळसापायी गेली, याचा मला आजही राग येतो.

नटाच्या शब्दाशी किंवा हालचालीशी बांधलेला क्यू बोटानेच सोडायचा. आपोआप ठेवायचं ते फक्त आवाजाला लागून येणारा आवाज: वीज आणि मागोमाग गडगडाट, गाडी थांबणं आणि मग तिचं दार. मी संहितेत नेमक्या शब्दाखाली पेन्सिलने क्यूचा क्रमांक लिहितो आणि स्क्रीनवरही क्यूला तसंच नाव देतो: '१२ बेल, येणार नाही वर'. 'फायनल_नवीन_२' हे नाव अंधारात काही सांगत नाही.

दुसरी चूक फाईलींची. सेशनमध्ये, म्हणजे क्यूंची यादी साठवणाऱ्या फाईलमध्ये, आवाज साठवलेला नसतो, त्यात फक्त फाईलचा पत्ता असतो. डाउनलोड्समधून किंवा पेनड्राइव्हवरून ओढलेले तुकडे नाट्यगृहातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर दिसतात, पण वाजत नाहीत. एका नाटकाचा एकच फोल्डर करा, सेशन आणि सगळे आवाज त्यातच ठेवा, आणि हलवायचा तर तो पूर्ण हलवा. नव्या मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक क्यू वाजवून बघा. "दोन वाजले म्हणजे सगळे वाजतील" म्हणणाऱ्याला मी ऑपरेटिंगला बसवत नाही.

एमपीथ्री फाईलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता येते. थप्पड, गोळी, बेल असले आवाज ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून वेव्ह (WAV) फाईलमध्ये काढा.

फोनच्या रिंगला ती थांबवणारा वेगळा स्टॉप क्यू हवाच. रिसीव्हर कानाला लागल्यावरही रिंग वाजत राहिली की प्रेक्षक नाटकातून बाहेर पडतो.

वाय-फाय, नोटिफिकेशन, स्क्रीनलॉक बंद. एचडीएमआय केबल लावली की आवाज कधीकधी तिकडेच वळतो, तेव्हा आउटपुट पुन्हा तपासा. चार्जर लावल्यावर स्पीकर गुणगुणला तर लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये डीआय बॉक्स (ही गुणगुण तोडणारी छोटी पेटी) घाला.

हेडफोनवर ठरवलेली पातळी थिएटरात चालत नाही. शेवटच्या रांगेत कोणाला तरी उभं करा आणि पाऊस सुरू ठेवून नटाकडून सगळ्यात हळू वाक्य म्हणवून घ्या. ऐकू आलं नाही तर पाऊस उतरवा, नटाला आवाज चढवायला लावू नका.