एफडब्ल्यूडीचा ट्रेलर रस्त्यावर काढण्यापूर्वी

डांबरी रस्त्याची ताकद मोजण्यासाठी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, म्हणजेच एफडब्ल्यूडी, हे उपकरण आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:११५-२०१४ या मार्गदर्शिकेनुसार वापरले जाते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या लोड प्लेटवर वजन पाडून सुमारे ४० किलोन्यूटनचा धक्का रस्त्याला दिला जातो आणि त्यामुळे पृष्ठभाग किती दबला हे ओळीने बसवलेले जिओफोन, म्हणजे हालचाल ओळखणारे सेन्सर, मायक्रॉनमध्ये टिपतात. काहीशे किलोपर्यंतची वजने आणि मिलिमीटरचा हजारावा भाग ओळखणारे सेन्सर एकाच ट्रेलरच्या सांगाड्यावर असल्यामुळे, चाचणीच्या जागेपर्यंतचा प्रवास हा चाचणीइतकाच जबाबदारीचा भाग मानला पाहिजे.

या प्रवासासाठी मी एकच नियम सर्वांत महत्त्वाचा मानतो. चाचणीच्या वेळी जो जो भाग खाली-वर होतो, तो वाहतुकीत लोखंडी पिनेने किंवा कुलपाने अडवलेला असावा. हायड्रॉलिकच्या दाबावर, विजेच्या स्विचवर किंवा स्क्रीनवरच्या ‘सिस्टीम रेडी’ या संदेशावर विसंबून गाडी हलवू नये. सिलिंडरचे सील थोडे जरी झिजलेले असले, तरी वर उचललेली वजने तासाभरात नकळत खाली सरकू शकतात, आणि खड्ड्यात चाक आदळले की तोच धक्का व्हॉल्व्हवर येतो. लोड प्लेट इंचभर जरी खाली आली, तरी पहिल्याच उंच गतिरोधकाला ती घासण्याची शक्यता असते.

म्हणून वजने आणि प्लेट पूर्ण वर घ्यावीत, दोन्ही बाजूंच्या ट्रान्सपोर्ट लॉकच्या पिना आरपार बसवाव्यात आणि प्रत्येक पिनेच्या टोकाला तिची क्लिप लावावी. त्यानंतर हायड्रॉलिकचा दाब थोडा कमी करून वजनांचा भार प्रत्यक्ष लॉकवर येऊ द्यावा, म्हणजे लॉक नीट बसले आहे की नाही हे तिथेच कळते. उत्पादकाच्या पुस्तिकेत क्रम वेगळा दिला असेल, तर तोच पाळावा. क्लिप हरवली म्हणून तिथे बाइंडिंग वायरचा वेढा घालण्याची सवय मी अनेक पथकांत पाहिली आहे, आणि ती तातडीने सोडावी असे आग्रहाने सांगतो. सततच्या कंपनाने वायर तुटते, आणि तुटली हे चालकाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. जादा क्लिपांचे पाकीट टूलबॉक्समध्ये कायम असावे.

जिओफोनची पट्टी उचलल्यावर तीही स्वतंत्रपणे लॉक करावी. जिओफोनच्या आत चुंबकाच्या क्षेत्रात स्प्रिंगवर टांगलेला भाग असतो, त्यामुळे पट्टी सैल राहून सांगाड्यावर आपटत राहिली तर बाहेरून काहीही न दिसता आतला सेन्सर बिघडू शकतो. केबल जिथे पट्टीच्या बिजागरीजवळून वळते, तिथे हात फिरवून पाहावे. तिथले आवरण खरवडलेले लागले, तर केबल बाहेरच्या बाजूने नव्याने बांधावी, मात्र पट्टी पुन्हा उतरवता येईल इतकी ढील ठेवावी. अंतर मोजणारे वेगळे चाक असेल, तर ते उचलून बांधावे. बॅटरीला पट्टा आणि टर्मिनलला टोपी हवी. लॅपटॉप ओढणाऱ्या गाडीत ठेवावा.

आता जोडणीकडे वळू. ट्रेलरच्या दांडीच्या टोकाचा कपलर गाडीच्या मागच्या गोल बॉलवर बसल्यावर खटका पडल्याचा आवाज आला, एवढ्यावर समाधान मानू नये. जॉकी व्हील, म्हणजे दांडीला आधार देणारे छोटे चाक, त्याच्या हँडलने फिरवून ट्रेलरची दांडी किंचित वर उचलावी. तिच्यासोबत गाडीचा मागचा भागही उचलला गेला तरच कपलर खऱ्या अर्थाने बसलेला असतो. ही तपासणी मिनिटभराची आहे आणि ती एकदाही टाळू नये. सेफ्टी चेन दांडीच्या खालून एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. वळणावर ताण येणार नाही इतक्याच त्या सैल असाव्यात. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल बॉलला न अडकवता गाडीच्या सांगाड्यावरील ठरलेल्या कडीला लावावी. शेवटी जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आवळावे, हँडब्रेक सोडावा आणि चाकांखालच्या पाचरी काढून गाडीत ठेवाव्यात.

सुटी वजने आणि अवजारे ट्रेलरच्या शेपटाकडे रचू नयेत. मागे भार वाढला की दांडीवरचा भार कमी होतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. असे झाल्यास स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. जोरात ब्रेक मारू नये आणि ओढून बाहेर पडण्यासाठी वेगही वाढवू नये.

ही उपकरणे दोन कामांच्या मध्ये महिनोन्‌महिने उन्हात उभी असतात. त्यामुळे नक्षी शाबूत असूनही टायरच्या बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि अशा टायरवर लांबचा प्रवास करू नये. चाक काढून बसवले असेल, तर ५० किलोमीटरच्या आसपास थांबून नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. त्याच थांब्यावर पिना, साखळ्या आणि दिव्यांची जोडणी पाहावी, व हाताची मागची बाजू दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, नेऊन बघावी. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेला वाटला तर बेअरिंग किंवा ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घाटाचा वेगळा विचार करावा लागतो. अनेक ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतात, म्हणजे ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला की त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. खंबाटकी किंवा कसाऱ्यासारख्या लांब उतारावर हे ढकलणे जवळजवळ अखंड चालू राहते आणि ब्रेक तापत जातात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा, वेग आरंभापासून कमी ठेवावा आणि ब्रेकचा जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत.

कामाच्या जागी पोहोचल्यावर लॉक काढताना आधी हायड्रॉलिकने वजने किंचित वर उचलावीत आणि मगच पिना ओढाव्यात. पिन हाताने निघत नसेल तर तिच्यावर अजून भार आहे असे समजावे. हातोडा घेऊ नये आणि कोणीही वजनाखाली हात घालू नये. नोंदी सुरू करण्यापूर्वी एकाच ठिकाणी, तितक्याच उंचीवरून काही वेळा वजन पाडून आकडे ताडून पाहावेत. बाकी सेन्सर जुळत असताना एकच जिओफोन भरकटलेला दिसला, तर आधी त्याची बैठक आणि केबल तपासावी, आणि तरीही फरक राहिला तर कॅलिब्रेशन होईपर्यंत त्या जिओफोनच्या नोंदी वापरू नयेत.