जुनी मालिका हुडकायची तर आधी तिचा मालक हुडका

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायचं काम नाही, ४३-४४ डिग्रीत जुळे सोलापूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, मग घरात पंख्याखाली बसून करायचं काय. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) हल्लीच्या मालिकांना पार वैतागलेल्या, रोज कुणीतरी कुणाच्या दुधात काहीतरी मिसळतंय आणि कॅमेरा तीन-तीनदा एकेकाच्या तोंडावर आपटतोय. एक दिवस म्हणाल्या, "ती सुधा जोशीची मालिका होती बघ, सुकन्याची, नवरा तो मनोज जोशी, ती आता लागत नाही का कुठं?" नाव काही त्यांना आठवेना पण देवकी पंडितांच्या आवाजातलं टायटल साँग मात्र अख्खं गुणगुणून दाखवलं. मी म्हटलं आत्या, ती 'आभाळमाया'.

तिथनं जे सुरू झालं ते गेलं वर्षभर चालू आहे, आणि आता ओळखीतल्या चार घरी मीच जाऊन लावून देते म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

सगळ्यात पहिली चूक जी मी पण केली ती म्हणजे मालिकेचं नाव टाकून सर्च करत बसणं. त्यात काय होतं की वर येतात तीन मिनिटाच्या क्लिपा, कुणाच्या तरी आठवणी, "कलाकार आता कुठे आहेत" असले व्हिडिओ, आणि खरी मालिका राहते खाली कुठंतरी. आधी हे बघायचं की ती मालिका कुठल्या चॅनलवर लागायची आणि ते चॅनल आज कुणाचं आहे. चॅनलची नावं बदललीत आणि आपल्याला ती जुन्याच नावानं आठवतात, सगळा घोळ तिथं आहे.

अल्फा मराठी १९९९ ला सुरू झालं, 'आभाळमाया', 'प्रपंच' त्यावरच्या. २००५ मध्ये त्याचं झी मराठी झालं. म्हणजे अल्फाची मालिका हुडकायची तर झी५ ॲप आणि झी मराठीचं ऑफिशियल यूट्यूब चॅनल. ई टीव्ही मराठी तर आपल्याकडं घरोघरी होतं, हैदराबादच्या रामोजीवाल्यांचं, २०१५ ला त्याचं कलर्स मराठी झालं, त्यामुळं ई टीव्हीच्या नावानं शोधलं की तेलुगूच जास्त येतं (सोलापुरात त्याचं कुणाला दुःख नाही म्हणा, पण आपल्याला हवी असते 'चार दिवस सासूचे'). स्टार प्रवाह २००८ चं, त्याचं सगळं जिओहॉटस्टारकडं. आणि दूरदर्शन, सह्याद्री म्हटलं की प्रसार भारती, म्हणजे दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता प्रसार भारतीबद्दल थोडं जास्त सांगते कारण लोकांना हे माहीतच नसतं. यूट्यूबवर 'प्रसार भारती अर्काइव्ह्ज' नावाचं चॅनल आहे, डीडी सह्याद्रीचं वेगळं आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात त्यांनी वेव्ज नावाचं स्वतःचं ॲप काढलं. मोबाईल नंबर टाकून लॉगिन करायचं, मराठी भाषा निवडायची, बरंचसं फुकट आहे. वेव्ज असो की झी५, कशावर कुलूप किंवा प्रीमियमचा शिक्का दिसला की तिथं थांबायचं, मागं यायचं, दुसरं बघायचं, कार्ड नंबर मागितला म्हणजे आपण फुकटच्या रस्त्यावरनं उतरलो एवढं समजायचं. फुकटात जाहिराती येणारच, त्याला इलाज नाही. तशाही पूर्वी जाहिराती लागल्या की भाजी परतून यायचो ना आपण, तसंच.

दूरदर्शनचं लावायचंच असेल तर सुरुवात 'हम लोग' पासून करा असं माझं मत. १९८४ ची, दीडशेच्या वर भाग, आणि तिची गंमत म्हणजे ती कल्पना आली मेक्सिकोहून. तिकडं कुटुंब नियोजन, प्रौढ शिक्षण असले विषय मालिकेतनं लोकांच्या गळी उतरवायचे, ते माहिती-प्रसारण खात्याच्या आपल्या वसंत साठेंनी तिथं जाऊन बघितलं आणि इकडं तसं करायचं ठरलं. लिहिली मनोहर श्याम जोशींनी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलतात, तेवढं पळवू नका, आमच्या आत्या तर अर्ध्या त्याच्यासाठीच बघतात. बडकी, मझली, छुटकी, सगळ्या बहिणींची नावं त्यांना अजून पाठ. त्यानंतर 'बुनियाद', १९८६, पुन्हा मनोहर श्याम जोशीच, दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप, फाळणीचा विषय. संस्कारी बाबूजी व्हायच्या आधीचा आलोक नाथ त्यात बघा, हवेलीराम. पहिले दोन-तीन भाग जड जातात, मग सोडवत नाही.

मराठीत मात्र प्रत्येकाची आवड निराळी. घरात पोरं असतील तर 'असंभव' लावा, २००७ ची, पुनर्जन्माची, सतीश राजवाडेंची, माझा कॉलेजातला पुतण्या नाकं मुरडत बसला होता तो रात्री एक वाजेपर्यंत उठला नाही. 'अग्निहोत्र' पण राजवाडेंचीच, नाशिकचा वाडा, गणपती, विनय आपटे, विक्रम गोखले, मोहन आगाशे आणि तेव्हाची अगदी नवी स्पृहा जोशी. 'प्रपंच' प्रतिमा कुळकर्णींची, ती संथ आहे, कामं आवरून शांतपणे बघायची. आणि 'चार दिवस सासूचे' बद्दल मी काय बोलू, रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून, २००१ ते २०१३, तीन हजाराच्या वर भाग! ती आख्खी बघायच्या फंदात पडू नका, तिचे हाताला लागतील तेवढे भाग मधनंच कुठूनही लावा, काही बिघडत नाही. आम्ही दोघी सासू-सून शेजारी बसून बघतो आणि कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय यावर आमच्या ह्यांचं बारीक लक्ष असतं.

सर्च करताना नाव मराठीत पण टाका आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण टाका, दोन्हीचे रिझल्ट वेगळे येतात. पुढं "भाग १" जोडा, नाही आलं तर "एपिसोड १". नाव आठवत नसेल तर कलाकार, चॅनल आणि साधारण साल टाका. यूट्यूबला फिल्टर असतो, त्यात वीस मिनिटापेक्षा मोठे व्हिडिओ असं निवडलं की क्लिपांचा कचरा बाजूला होतो, अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचाच असतो. चॅनलच्या पानावर जाऊन प्लेलिस्ट बघा, भाग तिथं ओळीनं लावलेले सापडतात. बऱ्याचदा प्लेलिस्ट उलटी असते, शेवटचा भाग आधी, आणि ऑटोप्ले चालू राहिला की मेलेला माणूस पुढच्या भागात जिवंत दिसतो, आत्या घाबरल्याच होत्या. म्हणून ऑटोप्ले बंद. आणि कितवा भाग झाला ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचं, यूट्यूबची हिस्टरी घरातल्या चार जणांत मिसळून जाते.

हातानं टाईप जमत नसेल तर माइकचं बटण दाबून बोला. हे मला शेजारच्या अक्कांकडं कळलं, त्यांचं माहेर पूर्व भागातलं, साखर पेठेतलं, घरात तेलुगू. त्यांना हवी होती 'ऋतुरागालु', नव्वदच्या दशकातली, दूरदर्शनवरची मंजुळा नायडूंची. मराठीत लिहून काही नीट येईना. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तेलुगू भाषा जोडली, माइक दाबून त्यांनी स्वतःच नाव घेतलं, आणि आलं की समोर. कन्नडवाल्यांनी पण असंच करायचं, टी. एन. सीतारामांची 'मायामृग' विचारणाऱ्या एक काकू मला मार्केट यार्डात भेटल्या होत्या, त्यांना तिथंच कांद्याच्या पोत्याशेजारी उभं राहून शिकवलं.

आता टीव्हीचं. स्मार्ट टीव्ही असेल तर प्रश्नच नाही. साधा एलईडी असेल आणि मागं एचडीएमआयचं भोक असेल तर एक स्ट्रीमिंग स्टिक (पेनड्राइव्हसारखी असते, तिच्यानं साध्या टीव्हीवर यूट्यूब आणि ॲपं चालतात) घेऊन लावायची, घरातलं वायफाय नसलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट. इथं मी एक वेडेपणा केला. एका दुकानदारानं "सगळं फुकट, आयुष्यभर" म्हणून एक बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स गळ्यात मारला, त्यात आधीच भरलेली कसलीतरी ॲपं, महिनाभर चाललं आणि मग दर दोन मिनिटाला जुगाराच्या जाहिराती, बंदच होईनात. पुतण्या आला, "काय हुडकलालाव काकू?" म्हणाला, दोन मिनिटं बघितलं आणि वायरच उपसून काढली. ती चोरीची ॲपं असतात. तेव्हा ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरनंच, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरनं कधीच नाही, आणि फुकट मालिकेसाठी कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा. लॉगिनचा ओटीपी आपण आपल्या हातानं ॲपात टाकायचा असतो, कुणाला वाचून दाखवायचा नसतो.

यूट्यूबवर पण चोरीचे अपलोड ओळखता येतात. पकडले जाऊ नये म्हणून लोक चित्र आरशासारखं उलटं करतात. सोपी खूण सांगते, सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसला की समजायचं उलटं आहे. कधी आवाज चिरका केलेला असतो, कधी भोवती फुलांची चौकट. असे व्हिडिओ निम्म्यावर असतानाच गायब होतात, मग जीव तळमळत राहतो. म्हणून ऑफिशियल चॅनल, बरोबरची खूण असलेलं.

चित्राचं एक महत्त्वाचं. जुन्या मालिका चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या, चारास तीन. नवा टीव्ही त्यांना ताणून पसरवतो आणि मग सगळे कलाकार भाकरीसारखे थापलेले दिसतात. रिमोटवर पिक्चर साईज किंवा स्क्रीन मोड असं काहीतरी असतं, तिथं ४:३ किंवा ओरिजिनल करा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या. आणि क्वालिटी ४८०पी च्या वर नेऊ नका, मूळ टेपच तेवढी आहे, उगाच डेटा जातो. ४८०पी ला तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी लागतो, रोजच्या दीड-दोन जीबीत एक-दोन भाग आरामात बसतात.

सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीत टीव्ही प्लस म्हणून एक भाग असतो, २०२१ पासून भारतात आहे, त्यात केबलसारखी ओळीनं चॅनलं लागतात, फुकट, आपण निवडायचं नाही, जे चालू असेल ते बघायचं. अमेरिकेत याला फास्ट (FAST, म्हणजे फुकट आणि जाहिरातींवर चालणारं) चॅनल म्हणतात आणि प्लूटो टीव्ही, ट्युबी असल्यांवर तिकडची म्हातारी मंडळी त्यांच्या जुन्या मालिका बघत बसतात. त्यांची 'डॅलस' १९७८ पासून १९९१ पर्यंत चालली, तेलवाल्यांचं घराणं, भाऊबंदकी, आणि जे. आर. ला गोळी कुणी घातली यावर १९८० मध्ये सगळा देश महिनोन् महिने डोकं खाजवत होता. तिकडं मालिकेला सोप का म्हणतात तर पूर्वी रेडिओवरच्या अशा गोष्टींना साबणवाले पैसे द्यायचे. आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, आपल्याकडं पण निरमा होतीच की.

आता बघायचं कसं. माझं ऐका, एका बैठकीत दहा भाग लावू नका. या मालिका रोज एक, काही तर आठवड्याला एक, अशा बघायला बनवल्यात, सुरुवातीला कालचं थोडं परत दाखवतात, बायका जिन्यावर थांबून मागचं आठवतात, एकच गोष्ट तिघींना तीनदा सांगितली जाते. ओळीनं लावलं की हे सगळं डोक्यात जातं आणि माणूस म्हणतो किती रटाळ. रोज एकच लावलं की तेच बरं वाटतं, कारण मधल्या तेवीस तासात आपण त्यावर बोलतो. आम्ही पहिल्या रविवारी 'आभाळमाया'चे सात भाग लागोपाठ बघितले, आठव्याला दोघींना पण झोप लागली. नंतर नियम केला, रात्री साडेआठला एक भाग, भांडी आधी घासून. आता दुपारी शेंगा कुटताना आत्या कालच्या भागावरून मला सल्ले देतात, आणि ते सल्ले सुधाला आहेत की मला हे मी विचारत नाही.

मधला एखादा भाग मिळाला नाही तर अडून बसू नका, पुढचा लावा, पहिल्या पाच मिनिटात कळतं काय झालं ते. आमचा ६१ वा गायब होता. अक्कांना तो पूर्वी बघितलेला आठवत होता, त्यांनी चहाबरोबर सांगितला, अर्धा तेलुगूत, रडायच्या जागा त्या स्वतःच रडून दाखवत होत्या.

आज ६३ वा आहे, साडेआठला. पाणी यायचा पण आजच दिवस आहे, पाच दिवसांनी, आणि ते नेमकं त्याच वेळेला येऊ नये म्हणून आत्या सकाळपासून सिद्धरामेश्वराला सांगून ठेवतायत.