ग्रूव्हवर सेल्स ओळीत लागत नाहीत? या चुका टाळा

बारीक खाचांवर (ग्रूव्हवर) टाकलेले सेल्स, म्हणजे जिवंत पेशी, खाचांच्या दिशेने ओळीत लागले नाहीत की आधी शिव्या सेल्सना, मग सीरमच्या बॅचला, मग इनक्युबेटरला. ज्या पीडीएमएसवर (खाचा पाडलेल्या सिलिकॉन रबरावर) ते टाकले त्याच्याकडे बघायचं सुचतं ते पार शेवटी. बडोद्यात ज्या लॅबमध्ये माझं जाणं-येणं आहे तिथे दर बॅचला हेच. अहो, रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञांनी १९१० च्या दशकातच कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांवरून सेल्स सरकताना पाहिलेत, सेल्सना ते येतंच. तुम्ही खाली काय ठेवलंय ते बघा.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे शिळा प्लाझ्मा (पीडीएमएसने पाणी धरावं म्हणून त्याला विद्युतभारित वायूत घालतात, तो; रक्तातला नव्हे). एका मुलाने उत्तरायणाच्या आदल्या दिवशी खाचांच्या चकत्या प्लाझ्मात घातल्या, मस्त हायड्रोफिलिक (पाणी धरणाऱ्या) झाल्या, मग कोरड्या पेट्रीडिशमध्ये पॅराफिल्म लावून ठेवून दिल्या आणि साहेब गच्चीवर पतंग उडवायला. वासी उत्तरायणही (दुसरा दिवस) झाली, मग आरामात येऊन त्यावर फायब्रोनेक्टिन (सेल्सना चिकटायला लागणारं प्रथिन) टाकलं, सेल्स टाकले. दुसऱ्या दिवशी बघतो तर कुठे चार सेल्स कडेवर धरून बसलेत, बाकी गोळे होऊन तरंगतायत. सेल्सची नवीन व्हायल काढली, तेच. सीरम बदललं, तेच. "ताई, सेल लाइनच खराब आहे" म्हणून माझ्याकडे आला. मी म्हटलं त्या चकतीवर पाण्याचा एक थेंब टाक. अळूच्या पानावर राहतो तसा उभा राहिला थेंब!

पीडीएमएसचा प्लाझ्मा टिकत नाही. आतल्या छोट्या साखळ्या हळूहळू वर येतात आणि पृष्ठभाग परत पाणी झटकायला लागतो. उष्णतेने हे आणखी लवकर होतं, त्यामुळे रात्री एसी बंद असलेल्या लॅबमध्ये मे महिन्यात काय होत असेल ते बडोदेकरांना सांगायला नको. आणि खाचा असल्या की दुहेरी मार, कारण पाणी आत शिरतच नाही, खाचेत हवा अडकते, फायब्रोनेक्टिन फक्त वरच्या कडांना लागतं. चकती मीडियात (सेल्सच्या पोषक द्रवात) बुडवून तिरपी धरा, चांदीसारख्या चमकणाऱ्या रेषा दिसल्या तर ती हवा आहे, तुमचं नशीब चमकत नाहीये.

मी काय करते, प्लाझ्मा आणि कोटिंग एकाच दिवशी, नाहीच जमलं तर चकती पाण्यात बुडवून ठेवते. कोटिंगच्या आधी ७० टक्के इथेनॉल, मग न वाळवता ते पीबीएसने (खारट बफरने) बदलत जायचं, तरी रेषा दिसल्या तर डेसिकेटरमध्ये थोडा वेळ व्हॅक्यूम. आणि थेंबाची टेस्ट प्रत्येक वेळी. फुकट आहे हो ती!

दुसरी माझी लाडकी चूक, प्लुरोनिक एफ-१२७ काचेवर. स्टॅम्पने फायब्रोनेक्टिनचे ठिपके उमटवले, उरलेल्या जागेला सेल्स चिकटू नयेत म्हणून प्लुरोनिक टाकलं आणि तरी सगळीकडे सेल्स. कसं थांबेल? प्लुरोनिकचा मधला भाग हायड्रोफोबिक (पाणी झटकणारा), त्याला धरायला तसाच पृष्ठभाग लागतो, स्वच्छ काचेवर किंवा जोरदार प्लाझ्मा दिलेल्या पीडीएमएसवर ते धड बसतच नाही. तिथे पीएलएल-पेग (अशा पृष्ठभागाला धरून सेल्सना दूर ठेवणारं पॉलिमर) वापरा. "प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय" म्हणू नका, प्रोटोकॉल कुठल्या पृष्ठभागासाठी लिहिलाय ते आधी वाचा. व्हाइटसाइड्स आणि इंगबर यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की सेल किती पसरू शकतो यावर तो जगतो की मरतो हे ठरतं, लहान ठिपक्यावर कोंडलेले सेल्स मरतात. म्हणजे ठिपका फिस्कटला की तुमचा अख्खा प्रयोगच वेगळा झाला. म्हणून माझ्या फायब्रोनेक्टिनमध्ये थोडं फ्लुरोसंट लेबलवालं असतंच, आणि मायक्रोस्कोपखाली पॅटर्न बघितल्याशिवाय मी सेल्सची फ्लास्क उघडत नाही. महाग पडतं म्हणे. वाया गेलेलं सीरम स्वस्त असतं का?

बाकीचं पटापट. पीडीएमएस कालवताना लेटेक्सचे ग्लव्ह्ज नकोत, त्यातल्या गंधकाने पीडीएमएस घट्ट करणारा प्लॅटिनम कॅटॅलिस्ट मरतो आणि वरचा थर चिकटच राहतो, नायट्राइल घाला. बेस आणि क्युरिंग एजंट १०:१ म्हणजे वजनाने १०:१, अंदाजपंचे नाही. घाईत अर्धवट भाजलेलं पीडीएमएस काढू नका, न जुळलेला माल मीडियात उतरतो.

सेल्स कमी टाका. मी चौरस सेंटीमीटरला ५ हजारांच्या आसपास टाकते, पण नवशिक्यांना फोटो भरलेला हवा असतो, मग सेल्स एकमेकांच्या अंगावर चढून खाचांवर पूल बांधतात आणि हे विचारतात अलाइनमेंट का नाही.

सपाट कंट्रोल (तुलनेसाठीची बिनखाचांची चकती) त्याच पीडीएमएसचा, त्याच प्लाझ्माचा, त्याच कोटिंगचा हवा. प्लास्टिकची डिश हा कंट्रोल नव्हे.

आणि सेल्स खाचेशी जो कोन करतात त्या कोनांची सरळ सरासरी काढू नका रे! २ अंश आणि १७८ अंश, दोन्ही सेल्स जवळजवळ खाचेच्या दिशेने, पण एक्सेल म्हणणार ९०, म्हणजे बरोबर आडवे. कोन आधी दुप्पट करा, मग व्हेक्टरची सरासरी, मग परत निम्मे.