हिमालयात ट्रेकला शरदात जावं की वसंतात? असं ठरवा

“ऑक्टोबरात जाऊ की एप्रिलात?” असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. काय बघायला निघालात? आणि किती उंचीवर? त्यांची उत्तरं मिळाली की ऋतू जवळजवळ आपोआप ठरतो.

१. काय बघायचं ते आधी ठरवा

दूरवरची शिखरं डोळे भरून बघायची असतील तर शरद. जून ते सप्टेंबर पडलेल्या पावसानं हवेतली धूळ धुऊन निघालेली असते आणि मॉन्सून परतला की कोरडी, स्थिर हवा येते. नोव्हेंबरात एका पहाटे मी पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरच्या संदकफूच्या (३,६३६ मीटर) धारेवर उभी होते. आधी कांचनजंगेच्या टोकावर एक गुलाबी ठिपका उमटला, मग तो रंग हळूहळू खाली ओघळत आला. डावीकडे, खूप लांब, मकालू, एव्हरेस्ट आणि ल्होत्से एकमेकांना खेटून उभे. वारा इतका बोचरा होता की हातमोजे काढून फोटो काढायचं धाडस झालं नाही, पण पर्वतांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या.

त्याच धारेवर एप्रिलात तीन सकाळी थांबले. समोर नुसता पांढुरका पडदा. हिवाळ्यापासून कोरडी पडलेली जमीन, मैदानातून वर येणारी धूळ आणि जंगलातल्या वणव्यांचा धूर यांमुळे वसंतात हे नेहमीच होतं. जोराची सर पडून गेली तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र लख्ख मिळते. पण त्या ट्रेकमध्ये मी समोर फारसं बघितलंच नाही, कारण पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलला होता. उत्तराखंडात यालाच बुरांश म्हणतात, नेपाळात लालीगुरांस. खालच्या जंगलात तो रक्तासारखा लाल असतो. चढत जाल तसा गुलाबी आणि शेवटी जवळजवळ पांढरा होतो. हे ज्याला बघायचंय त्यानं वसंताशिवाय दुसरा विचारही करू नये.

२. मग उंची बघा

गढवाल, कुमाऊं आणि हिमाचलातल्या उंच खिंडी एप्रिल-मेमध्ये बर्फाखाली असतात. चार हजार मीटरच्या वरच्या हंपता पासची वाट साधारण जूनच्या मध्याला मोकळी होते, त्यामुळे अशा ट्रेकसाठी वसंताचा हिशेब सोडून द्या. मार्च-एप्रिलात जायचंच असेल तर संदकफू किंवा नेपाळातला घोरेपानी–पून हिल (३,२१० मीटर) यांसारखे मध्यम उंचीचे ट्रेक निवडा.

एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर) दोन्ही ऋतूंत उत्तम. फरक असा, की शिखर चढणाऱ्यांचा मुख्य हंगाम वसंतातला, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तिथे तंबूंचं अख्खं गाव वसलेलं दिसतं. शरदात तिथे बहुतेक नुसते दगड आणि हिमनदी.

३. आता आठवडा निवडा

इथे घाई करू नका. ‘शरद’ म्हणून सप्टेंबरअखेरचं तिकीट काढलंत तर ढग, चिखल आणि जळवा वाट्याला येऊ शकतात, कारण मॉन्सूनची परतीची तारीख दरवर्षी मागेपुढे होते. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा सगळ्यांत भरवशाचा काळ. ऑक्टोबरात नेपाळच्या लोकप्रिय वाटांवर लॉज तुडुंब भरतात आणि दसैं-तिहारच्या सणांमुळे गाड्यांनाही गर्दी असते. मला स्वतःला नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे आवडतात. थंडी जास्त, पण वाट शांत.

वसंतात फुलांच्या मागे उंचीनुसार जावं लागतं. दोन ते तीन हजार मीटरवर मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य, त्याहून वर एप्रिलअखेर ते मे.

४. हवामानाला राखीव दिवस द्या

शरदातलं निळं आकाश फसवूही शकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ असतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला ‘हुदहुद’ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ओलाव्यानं नेपाळात थोरोंग ला खिंडीच्या (५,४१६ मीटर) परिसरात प्रचंड बर्फ पडला. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसं गेली. म्हणून निघण्याआधी उपसागरावरचा अंदाज बघा, आणि गाईड “आज थांबू” म्हणाला तर थांबा. वसंतातला धोका रोजचा असतो: सकाळ स्वच्छ, दुपारी ढग, कधी गारा आणि विजा. पहाटे निघून दुपारी बारा-एकपर्यंत मुक्काम गाठायचा.

एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला विमानानं जाणार असाल तर कुठल्याही ऋतूत दोन दिवस हाताशी ठेवा. ढग आले की उड्डाणं थांबतात.

५. सामान ऋतूप्रमाणे भरा

वसंतात बर्फ लागणार असेल तर गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं), मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) आणि चांगला गॉगल हवाच. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळे जाळतं. शरदात उंचीवर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. उणे दहाला पुरेल अशी स्लीपिंग बॅग घ्या. पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरायला लागतो आणि उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. फोन, बॅटऱ्या आणि पाण्याचा फिल्टर अंथरुणात घेऊन झोपा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की त्यावर पुन्हा विसंबता येत नाही.

दिवसाची लांबीही मोजा. नोव्हेंबरात सव्वापाचपर्यंत सूर्य मावळतो, एप्रिलअखेरीस साडेसहाच्या आसपास. हळू चालणाऱ्यांना, ज्येष्ठांना किंवा मुलांना घेऊन जाताना हा तासाभराचा फरक फार मोलाचा असतो.

उंचीचा त्रास मात्र ऋतू बघत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्या. सुट्टी कमी असेल तर छोटा ट्रेक निवडा, पण हा दिवस कापू नका.

पहिलाच ट्रेक असेल आणि तरीही मन ठरत नसेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढा. गुरांससाठी एप्रिलात परत जाता येईल.