अर्थशास्त्रातलं गणित: लाग्रांज लावण्याआधी या चुका टाळा

दहावीनंतर गणित सुटलं आणि कला शाखेतून एम.ए. अर्थशास्त्राला आलेली मुलं पहिल्याच सत्रात अडखळली, की स्वतःला दोष देतात, "माझं गणितच कच्चं." मला हे निदान पटत नाही. डेरिव्हेटिव्ह काढायला महिन्याभराचा सराव पुरतो. गाडी अडते ती पद्धतीमागच्या अटी न वाचल्यामुळे.

लाग्रांजच्या पद्धतीचंच बघा. बजेटसारखी अट पाळून एखादी गोष्ट जास्तीत जास्त किती करता येईल, ते ती शोधते; त्यासाठी अटीला एका गुणकाने गुणून मूळ फलनात मिसळतात. क्ष आणि य हे दोन वस्तूंचे नग, त्यांतून मिळणारं समाधान म्हणजे उपयोगिता ४√क्ष + य, दोन्ही वस्तूंची किंमत प्रत्येकी १ रुपया, खिशात ३ रुपये. आंशिक अवकलनं (एकेका चलाचे डेरिव्हेटिव्ह) शून्य धरली की २/√क्ष = १, म्हणजे क्ष = ४. बजेट ३ रुपयांचं, म्हणून य = −१. उणे एक नग कुणी विकत घेत नाही! वस्तूंचे नग ऋण नसतात, ही अट मांडायची राहून गेली. ती घातली की खरं उत्तर निघतं: क्ष = ३, य = ०. अशा असमानतेच्या अटींसाठी गणितज्ञ कून आणि टकर यांच्या अटी वापरायच्या. त्यांनी त्या १९५१ मध्ये प्रसिद्ध केल्या. विल्यम करुश यांनी मात्र १९३९ मध्येच शिकागो विद्यापीठातल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात त्या मांडल्या होत्या. म्हणून आता तिघांचीही नावं घेतात, आणि ते योग्यच आहे.

आता उत्पन्न ५ रुपये करून तेच गणित पुन्हा सोडवा. क्ष = ४, य = १, काहीच अडचण नाही. गुणकाकडेही लक्ष द्या: ३ रुपयांपाशी तो सुमारे १.१५ होता, इथे १ झाला. उत्पन्न किंचित वाढलं तर रुपयामागे उपयोगिता किती वाढेल, ते हा आकडा सांगतो. गुणक काढून तसाच सोडून देऊ नका, अर्थशास्त्र त्यातच आहे.

दुसऱ्या क्रमाची अट, म्हणजे सापडलेला बिंदू कमाल आहे की किमान याची तपासणी, गाळणंही तितकंच महागात पडतं. उपयोगिता क्ष² + य², किमती १ रुपया, उत्पन्न १० रुपये. लाग्रांज ५ आणि ५ सांगतो, उपयोगिता ५०. सगळे पैसे एकाच वस्तूवर घाला, १०० मिळते. काढलेला बिंदू त्या बजेट रेषेवरचा सर्वांत वाईट निघाला.

मागणीच्या आलेखात अर्थतज्ज्ञ मार्शलच्या प्रथेनुसार किंमत उभ्या अक्षावर असते. मागणी १०० − २ × किंमत असेल, तर आलेखावरचा उतार −१/२ दिसतो. लवचीकता म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते, तिच्या सूत्रात मात्र −२ घालायचा. किंमत २० असताना मागणी ६०, म्हणून लवचीकता −२ × २०/६० = −२/३.

प्रमेयं पाठ करू नका, त्यांच्या अटी एकेक करून मोडून पाहा. ब्राउवरचं स्थिरबिंदू प्रमेय स्थिर बिंदूची, म्हणजे फलन जो जागचा हलवत नाही अशा बिंदूची, हमी देतं; त्याला सलग फलन आणि बंद (कडेचे बिंदू धरून), मर्यादित, कॉन्व्हेक्स (कुठलेही दोन बिंदू जोडणारी रेषा आतच राहील असा) संच लागतो. संच मर्यादित नसेल तर काय? सगळ्या वास्तव संख्यांवर क्ष + १ घ्या, स्थिर बिंदू कुठेच नाही. बंद नसेल तर? ० वगळून १ पर्यंतच्या संख्यांवर क्ष/२ घ्या. तिथेही नाही, कारण जो एकमेव बिंदू चालला असता, तो ० आपणच बाहेर ठेवलाय.