रानकांदा घरी लावताय? या चुका टाळा

परळी खोऱ्यातल्या आमच्या बांधावर नांगराच्या फाळाला लागून एक रानकांदा वर आला. चांगला मुठीएवढा. तो साताऱ्याला आणून कुंडीत लावला. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली. पाणी कमी पडतंय असं समजून मी रोज तांब्याभर ओतत राहिलो. जानेवारीत बोटानं चाचपलं, तर बोट फसकन आत गेलं आणि घाण वास आला. झाड नुसतं झोपलं होतं, मारलं मीच.

म्हणून पानं वाळली की पाणी बंद, थेट पावसाळ्यापर्यंत. कुंडीत निम्मा मुरूम घाला आणि कांद्याची मान मातीवर उघडी ठेवा. एप्रिल-मेमध्ये त्याच कोरड्या मातीतून बिनपानांचा हातभर दांडा निघतो. त्यावर मळकट पांढरी, नाजूक फुलं येतात. कुणाला ‘पानाविना फूल’ म्हणजे रोग वाटतो आणि तो खताची पिशवी उघडतो. काही करू नका.

जुन्या पुस्तकांत हा लिली कुळात सापडेल, हल्ली शतावरी कुळात घालतात. कुळ कुठलंही असो, सप्टेंबरात कासला जाऊन याचं फूल शोधणाऱ्याला पानंच दिसणार. आणि तिथून कांदा उपटून आणायचा विचारही नको. ते राखीव पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारशात.

सगळ्यात महागात पडणारी चूक भाजीची. पहिल्या पावसात फोडशी ही रानभाजी उगवते, त्याच सुमारास रानकांद्याचीही लांबट पानं वर येतात. नुसत्या पानांवर विसंबू नका, बुडखा उकरून बघा. फोडशीला जाडसर मुळांचा झुपका असतो. पापुद्र्यांचा पांढरा गड्डा लागला, तर ती फोडशी नव्हे. कांद्यासारखा दिसतो, पण कांद्याचा वास नाही. यातली विषारी द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. चुकून पोटात गेलाच तर घरगुती उतारे करत बसू नका. उरलेली पानं पिशवीत घालून सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

रस लागला तरी खाज सुटते. कुंडी बदलताना हातमोजे घाला. मी घातले नव्हते, दोन दिवस मनगट खाजवत होतो.