सोलापुरात हवा मोजण्याचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून सोलापूर परिसरातच काम शोधणाऱ्या मुलामुलींना मी हवेच्या तपासणीचे क्षेत्र आवर्जून सुचवतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी चालणाऱ्या या तपासणीत मी काही वर्षे काम केले. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, इथे प्रयोगशाळेतील हाताइतकाच कायद्याचा अभ्यासही लागतो.

राष्ट्रीय हवा गुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमात प्रत्येक केंद्रावर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात किमान १०४ दिवस, चोवीस तास नमुने घेणे अपेक्षित असते. धूलिकणांसाठी दर आठ तासांनी फिल्टर पेपर बदलला जातो. हा कागद आधी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद काचपात्रात) ठेवून, पूर्ण कोरडा करून तोलायचा आणि नमुना घेतल्यावर पुन्हा तसाच कोरडा करून तोलायचा. यंत्र मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढत असेल, तर आठ तासांत ५२८ घनमीटर हवा त्यातून जाते. कागदाचे वजन ५३ मिलिग्रॅमने वाढले, तर पीएम-१० चे (१० मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांचे) प्रमाण घनमीटरला सुमारे १०० मायक्रोग्रॅम येते, आणि चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादाही नेमकी १०० च आहे. म्हणजे वजनात दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक पडला किंवा हवेच्या प्रवाहाची नोंद अंदाजाने लिहिली, तर मर्यादेच्या आतला आकडा बाहेर जाऊ शकतो. म्हणून प्रवाहाची नोंद सुरुवातीला आणि शेवटी, यंत्रासमोर उभे राहून करावी.

वायूंचे नमुने इम्पिंजरमधील (हवा द्रावणातून बुडबुड्यांनी सोडणाऱ्या काचनळीतील) द्रावणात शोषले जातात. सल्फर डायऑक्साइडच्या द्रावणात पारा असतो, नायट्रोजन डायऑक्साइडच्या द्रावणात आर्सेनिक. हातमोजे न घालता ती हाताळू नयेत आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात इम्पिंजर बर्फात ठेवावे लागतात. त्यात कुचराई चालत नाही.

स्वयंचलित केंद्र सतत आकडे देत असताना हा खटाटोप कशाला, असे नवे विद्यार्थी विचारतात. कागदावर साचलेली धूळ नंतर तपासता येते, हे माझे उत्तर. गळीत हंगामात कागदावर काळे कण दिसले, की बोट लगेच साखर कारखान्याकडे जाते. परंतु हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नसल्यामुळे रस्त्यावरची धूळ, वाहनांचा धूर आणि जाळलेला कचराही तिथेच साठून राहतो. रंगावरून स्रोत ठरवू नये. सोलापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, म्हणजे शहरांतील धूलिकण कमी करण्याच्या केंद्राच्या कार्यक्रमातील, शहर आहे, आणि रस्त्यांची धूळ आवरण्याचे काम मुख्यतः महानगरपालिकेचे आहे, मंडळाचे नव्हे.

मंडळाचा खरा अंकुश उद्योगांवर चालतो. १९८१ च्या हवा अधिनियमाच्या कलम २१ नुसार उद्योगाला संमतीपत्र घ्यावे लागते; त्यात इंधन, धुराड्याची उंची, धूळ रोखणारी यंत्रणा आणि उत्सर्जनाची मर्यादा लिहिलेली असते. अटी मोडल्यास मंडळ कारणे दाखवा नोटीस देते, बँक हमी घेते, आणि कलम ३१-अ खाली वीज-पाणी तोडण्याचा किंवा कारखाना बंद करण्याचा आदेशही देऊ शकते. हे सारे टिकते ते कलम २६ मुळे. कायदेशीर कारवाईसाठी धुराड्यातून नमुना घेताना भोगवटादाराला, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला, विहित स्वरूपात तिथेच नोटीस द्यावी लागते, त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष नमुना घ्यावा लागतो, पात्रावर खूण करून ते मोहोरबंद करावे लागते आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन विनाविलंब प्रयोगशाळेकडे पाठवावे लागते. ही पद्धत पाळली नाही, तर अहवाल कितीही अचूक असला तरी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. धुराड्याच्या फलाटावर, बॉयलरच्या धगीत उभे राहून सही घेण्याचा आग्रह धरणे नवख्याला अवघडल्यासारखे वाटते, पण तो धरलाच पाहिजे.

नोकरीसाठी केवळ मंडळाच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नये. मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळा, साखर कारखाने व डिस्टिलरींचे पर्यावरण विभाग, औष्णिक वीज प्रकल्प इथेही हेच काम असते. ३० सप्टेंबरपूर्वी द्यायचे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र तयार करणारा माणूस तर प्रत्येक कारखान्याला लागतो. मुलाखतीला जाण्यापूर्वी मंडळाच्या संकेतस्थळावरून त्या कारखान्याचे संमतीपत्र उतरवून घ्यावे आणि त्यातील हवेच्या अटी ओळीने वाचाव्यात.